तिथी बघून गाडी काढा

नमस्कार मंडळी. मला इथे बोलावलंय ते कोकणातल्या रोड ट्रिपचं प्लॅनिंग कसं करायचं हे सांगायला. मी बरीच वर्षं किनाऱ्याच्या रस्त्याने गाडी घेऊन फिरतोय, हायवेने नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण हायवेने कोकणात जाणं आणि किनाऱ्याने जाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हायवेने सावंतवाडीपर्यंत गेलात तरी वाटेत डोंगर, घाट, नद्यांचे पूल, ट्रक सगळं लागेल, समुद्र तेवढा लागायचा नाही. समुद्र हवा असेल तर रेवस ते रेडी, ज्याला सागरी महामार्ग म्हणतात तो रस्ता धरायचा, आणि महामार्ग ह्या शब्दाने हुरळून जायचं नाही. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासून ह्या रस्त्याबद्दल बोललं जातंय आणि तो अजून एकसलग झालेला नाही. कुठे छान दोन पदरी डांबर, कुठे एखाद्या वाडीतून जाणारी गल्ली, समोरून एसटी आली की तुम्ही कुणाच्या तरी खळ्यात गाडी घालायची, आणि कुठे तर रस्ता सरळ पाण्यात जाऊन संपतो.

हा पाण्यात संपणारा रस्ता, तिथूनच खरं प्लॅनिंग सुरू होतं बघा. आपण काय करतो, मोबाइलवर मॅप उघडतो, श्रीवर्धन ते रत्नागिरी टाकतो, किलोमीटर बघतो, तास बघतो आणि हॉटेल बुक करून मोकळे होतो. पण कोकणात अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालतच नाही. सह्याद्री आणि समुद्र यांच्यात जागाच केवढी, जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, त्यात नद्या धावत खाली येतात आणि तोंडाशी रुंद खाड्या करतात. रेवदंड्याला कुंडलिका, बाणकोटला सावित्री, आंजर्ल्याला जोग नदी, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी. पलीकडच्या काठावरची घरं दिसतात, वाळत घातलेले कपडे दिसतात, कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं आणि गाडीने तिथे पोचायला दोन-अडीच तास लागतात.

म्हणून मी काय करतो, कागदावर किनारा काढतो. हाताने. चित्रकला यायला लागत नाही, एक वाकडी रेघ काढायची आणि तिच्यावर आधी फक्त खाड्या लिहायच्या. देवळं, बीच, किल्ले, खाणावळी सगळं नंतर. प्रत्येक खाडीसमोर लिहायचं, इथे पूल आहे की फेरी, म्हणजे गाडी पलीकडे नेणारी बोट, आणि फेरी असेल तर ती चुकली तर वळसा कुठून. ही शेवटची गोष्ट लोक लिहीत नाहीत आणि तिथेच अडकतात.

मुंबईकडून निघाला असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडी घेऊन जाणारी रोरो बोट २०२० पासून आहे, तिने पहिला टप्पा वाचतो. पुढे मुरुड-जंजिऱ्याच्या खाली आगरदांडा ते दिघी फेरी, ती नसेल तर आतून म्हसळ्यावरून वळसा. हरिहरेश्वरच्या पुढे बागमांडला ते वेसवी, ती नसेल तर आंबेत-म्हाप्रळचा पूल. दाभोळ ते धोपावे, ती नसेल तर थेट चिपळूण गाठायचं, हा सगळ्यात जड वळसा. आणि तवसाळ ते जयगड, तिथे मात्र राई-भातगावच्या पुलाने सुटका होते. आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून विचारायचं, उद्या चालू आहे ना, पहिली फेरी कितीची, शेवटची कितीची. इंटरनेटवर वाचलेल्या वेळेवर विसंबू नका. मी एकदा विसंबलो होतो, तवसाळच्या जेट्टीवर पोचलो तर सामसूम, बोट पलीकडे, दिवे बंद. तिथे एक काका जाळं गुंडाळत बसले होते, त्यांनी मान वर न करता विचारलं, किती जण आहात, जेवलात का. त्या रात्री आम्ही हेदवीला राहिलो ते त्यांच्याच ओळखीने, रात्री साडेनऊला गरम भात आणि कुळथाचं पिठलं मिळालं. पण नशिबावर ट्रिप काढू नये, लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतात.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. तिथी. तुम्ही तारीख ठरवता शनिवार-रविवार बघून, ठीक आहे, नोकऱ्या आहेत सगळ्यांना, पण दोन-तीन शनिवार मोकळे असतील तर त्यातला कुठला घ्यायचा हे कॅलेंडरवरची तिथी बघून ठरवा. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांचा साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती, दुपारीही आणि पहाटेही. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला. पौर्णिमा-अमावास्येला साधारण बाराला. भरतीनंतर अंदाजे सहा तासांनी ओहोटी. थोडं पुढेमागे होतं, पण ट्रिप ठरवायला पुरतं, आणि कुठलंही अॅप लागत नाही, तिकडे बऱ्याच ठिकाणी रेंज नसतेच.

याचा उपयोग काय? पौर्णिमेच्या आसपास गेलात तर संध्याकाळी सहाला ओहोटी, म्हणजे सूर्यास्ताला समुद्र लांब आत गेलेला, ओल्या वाळूत अख्खं आकाश उतरलेलं, मुलांना पळायला मैलभर जागा. आणि उधाण असल्यामुळे दुपारी बाराला पाणी भरपूर वर. हेदवीला बामणघळ म्हणून खडकातली अरुंद घळ आहे, लाट आत शिरते आणि कोंडलेलं पाणी दणक्यात वर उडतं. लोक सकाळी दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन ओहोटीत तिथे जातात, कोरडी फट बघतात आणि म्हणतात काही खास नाही. अहो, तुम्ही चुकीच्या वेळेला गेलात! भरतीच्या तासाभर आधी जाऊन लांब उभं राहायचं, लांबच, कातळ निसरडा असतो, आणि बघायचं, आधी घळीच्या आतून एक घुमणारा आवाज येतो, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग पांढरा फवारा. अष्टमीच्या आसपास मात्र भांगाची भरती, पाण्यात तेवढा जोर नसतो.

गाडी वाळूत घालू नका. हे मी हात जोडून सांगतो. एका बीचवर, गावाचं नाव नको, दुपारी दीड-दोनची वेळ, अष्टमीचा दिवस, एका कुटुंबाने नवी कोरी गाडी फोटोसाठी ओल्या वाळूपर्यंत नेली. वरून कडक दिसते ती वाळू, आतून मऊ असते. मागची चाकं रुतली, त्यांनी जोरात अॅक्सिलरेटर दिला, गाडी आणखी खाली बसली. पाणी वर यायला लागलेलंच होतं. गावातले सात-आठ जण जेवण टाकून आले, कुणी फावडं आणलं, बायकांनी माडाच्या झावळ्या ओढत आणल्या, चाकांखाली घातल्या, टायरमधली थोडी हवा सोडली, आणि शेवटी ट्रॅक्टरने दोर लावून ओढली तेव्हा लाटेचा फेस चाकाला लागत होता. त्या गावकऱ्यांनी एक पैसा घेतला नाही. आणि नुसता गाडीचाच प्रश्न नाही, थंडी-उन्हाळ्यात ह्याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावाने मिळून ही घरटी सांभाळली, आता लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये मुद्दाम पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात. ते काम बघायला तुम्ही जाणार, आणि चार गावं पुढे वाळूवर टायर फिरवणार, असं कसं चालेल?

दिवसाला किती अंतर? मी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वर जात नाही. लोकांना हे फार कमी वाटतं, पण दिवेआगरहून आरवी, शेखाडी करत श्रीवर्धनला जाणारा रस्ता घ्या, लहानसाच पट्टा आहे, डांबराला लागून खडक आणि खडकाला लागून पाणी. तिथून चाळीसच्या स्पीडने निघून जायचं असेल तर कशाला आलात. तसाच आडे, पाडले, आंजर्ले पट्टा, तसाच रत्नागिरीच्या वरचा आरे-वारे. रत्नागिरीच्या खाली गर्दी एकदम कमी होते, पूर्णगड, गावखडी, कशेळी. कशेळीला कनकादित्याचं देऊळ आहे आणि तिथल्या सड्यावर, म्हणजे उंचावरच्या सपाट माळावर, कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे. तो जमिनीवर उभं राहून पटकन कळतच नाही, चालत चालत फिरावं लागतं, मग हळूहळू एक सोंड लागते, एक पाय लागतो.

जेवणाचं एकच सांगतो. घरगुती राहायला जाल तिथे सकाळीच सांगा रात्री काय जेवणार. तिकडे फ्रीजमधून काढून गरम करायची पद्धत नाही, ताई बाजारात किंवा बंदरावर जाऊन आणणार, नारळ खवणार, मग स्वयंपाक. मासे खाणारे असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते हे लक्षात ठेवा, आणि हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव जरूर बघा, पण बोली चालू असताना मध्ये मोबाइल घेऊन घुसू नका, त्यांच्या रोजच्या कमाईची वेळ असते ती. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं. खिशात रोख ठेवायची.

आता ह्या खाड्यांवर मोठे पूल बांधायची कामं हाती घेतली आहेत. मला लोक विचारतात, मग मजा जाईल ना? मी म्हणतो, पूल झालेच पाहिजेत. रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर फेरी नसते, चिपळूणचा वळसा असतो, आपण वर्षातून चार दिवस जाणारे, तिथल्या माणसांनी आपल्या मजेसाठी का थांबायचं. पण तोपर्यंत एकदा दाभोळची खाडी बोटीने पार करून घ्या. पहिल्या फेरीला जा. बोटीवरचा मुलगा बोटांच्या इशाऱ्यावर गाडी इंच-इंच मागे घेऊन लावतो, शेजारी दुधाचे कॅन, शाळेतली पोरं, एखादी कोळीण टोपलीवर हात ठेवून बसलेली, आणि इंजिनाच्या धडधडीत सगळी एकमेकांशी मोठ्याने बोलत असतात. काही मिनिटांचा प्रवास आहे.

एक राहिलं, दिशा. सगळे उत्तरेकडून खाली जातात. मीही जायचो. एका वर्षी आई बरोबर होती, तिचं वय तेव्हा बहात्तर, पुढे माझ्या डावीकडच्या सीटवर. चार दिवसांनी घरी आल्यावर म्हणाली, छान झालं हो, पण मला सगळा डोंगरच दिसला. आणि मग माझ्या लक्षात आलं, खाली जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, आणि ड्रायव्हरने तर रस्ताच बघायचा असतो! पुढच्या वर्षी आम्ही आंबोली घाटाने सरळ खाली उतरलो, तेरेखोलच्या किल्ल्यावरून सुरुवात केली आणि रेडी, शिरोडा, वेंगुर्ला, मालवण, कुणकेश्वर, विजयदुर्ग असं वर वर आलो. समुद्र अख्ख्या वाटेत डावीकडे. गाडी थांबवायची तर डावीकडेच थांबते, रस्ता ओलांडावा लागत नाही. आईने खिडकीची काच चार दिवस वर केली नाही, आणि आरे-वारेच्या चढावर, उजवीकडे मी एसटीला साइड देत होतो तेव्हा, तिने माझ्या हातावर चापट मारली आणि म्हणाली, हळू घे रे, मला बघू दे.