अंगणवाडी हा शब्द कुठून आला माहितीये? बोर्डीच्या अंगणातून

नमस्कार मंडळी. आजचा विषय, अंगणवाडी आणि तिच्याशी जोडलेली शेती, माझ्या फार जवळचा आहे कारण माझी आई बावीस वर्षं अंगणवाडी सेविका होती, आणि तरी मला स्वतःला हा शब्द कुठून आला हे कॉलेजला जाईपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं सरकारनेच ठेवलेलं नाव असेल. पण तसं नाहीये.

१९४५ साल. ठाणे जिल्हा, आता तो भाग पालघरमध्ये येतो, डहाणू तालुका, समुद्राला लागून बोर्डी गाव. ताराबाई मोडक तिथे बालवाडी सुरू करतात. ताराबाई म्हणजे त्याआधी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरी पद्धतीवर, म्हणजे लहान मुलांनी वस्तू हाताळत शिकायच्या पद्धतीवर, काम केलेली बाई, शहरात मोठं नाव होतं, आणि वयाच्या पन्नाशीनंतर त्या खेड्यात आल्या. सोबत अनुताई वाघ. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालेलं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या, मग शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि पुढचं अख्खं आयुष्य त्यांनी या कामात घातलं.

तर बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतली, गरिबाघरची पोरं येईनात. आता इथे आपल्यापैकी बहुतेकांनी काय म्हटलं असतं, की या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही. ताराबाईंनी उलटा विचार केला, मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच मुलाच्या अंगणात जाईल. बाई वस्तीवर जायच्या, पोरांना गोळा करायच्या, आधी आंघोळ घालायच्या, नखं कापायची, केस विंचरायचे, मग तिथेच शेणानं सारवलेल्या अंगणात गाणी गोष्टी खेळ. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी. बस इतकं सरळ आहे ते.

आणि साहित्य? मॉन्टेसरीची लाकडी उपकरणं तेव्हाही महाग होती. मग यांनी समुद्रावरचे शिंपले घेतले, चिंचोके, गुंजा, खडे, झाडाची पानं. लहानमोठं ओळखायला शिंपले, मोजायला चिंचोके. माझी आई पण हेच करायची, आमच्या घरात खिडकीत चिंचोक्यांची बरणी कायम असायची, मला तेव्हा वाटायचं ही खेळायला आणते.

पुढे १९५६-५७ च्या सुमाराला हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. तिथे वेगळीच अडचण. पोरं सकाळीच गुरं घेऊन रानात. मग बाई कुरणात गेल्या. गुरं चरतायत आणि बाजूला झाडाखाली शाळा, तिचं नाव कुरणशाळा. अजून एक, मोठी बहीण शाळेत येऊ शकत नव्हती कारण कडेवर धाकटं भावंड, आई कामावर. तर पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा सगळं एका जागी आणलं, म्हणजे धाकट्याला पाळण्यात ठेव आणि तू वर्गात बस. याला विकासवाडी म्हणायचे. मला स्वतःला हे सगळ्यात जास्त आवडतं, कारण मुलगी शाळेत का येत नाही याचं खरं कारण तिच्या कडेवर बसलंय हे कुणीतरी पाहिलं.

आता शेतीकडे येते, कारण व्हिडिओ खरं तर त्यासाठीच करतेय.

त्याच कोसबाडच्या टेकडीवर शेतीचं शिक्षण देणारी संस्था आहे, गोखले एज्युकेशन सोसायटीची, आणि तिथलं कृषी विज्ञान केंद्र, म्हणजे शेतकऱ्यांना प्रशिक्षण देणारं केंद्र. एकाच टेकडीवर चार वर्षांचं मूलही शिकतं आणि त्याचा बापही. कृषी विज्ञान केंद्राचं मूळ तत्त्वच हे आहे की हाताने करत करत शिकायचं, भाषण नाही. म्हणजे बालवाडीचं जे तत्त्व तेच.

आणि हे दोन्ही एकत्र का लागतं ते सांगते. आमच्या भागात एक शब्द आहे, जगायला जाणं. दिवाळी झाली, भात झोडून झालं की घरं बंद करून लोक जगायला जातात, वीटभट्टीवर, रेतीवर, भिवंडी वसईकडे. मूल सोबतच जातं, घरी ठेवणार कुणाकडे? बालवाडीतली बाई कितीही जीव ओतू दे, नोव्हेंबरात अर्धी पोरं गायब आणि परत येतात ती पावसाच्या तोंडावर. आईच्या हजेरीच्या वहीत मी हे दरवर्षी पाहिलंय. याला पोषण आहार, रंगवलेल्या भिंती, काहीही उपाय नाही. उपाय एकच, या लोकांच्या एक-दीड एकरात पावसाळ्यानंतरही काहीतरी उभं राहिलं पाहिजे.

होतं का तसं? होतं. जव्हार, विक्रमगडकडे मोगरा लावलेल्यांचं बघा, कळ्या पहाटे खुडायच्या आणि दादरच्या फूलबाजारात पाठवायच्या, घर सोडावं लागत नाही. बायफ या ग्रामविकासाचं काम करणाऱ्या संस्थेची वाडी पद्धत, एक एकराच्या आसपास आंबा काजूची कलमं, बांधावर कुंपणाला झाडं आणि कलमांच्या मधे नाचणी भाजी, ती शेजारच्या गुजरातेतल्या वांसद्यात ८० च्या दशकात सुरू झाली आणि मग आदिवासी भागात खूप ठिकाणी गेली.

आणि भातासाठी नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंची सगुणा पद्धत, एसआरटी म्हणजे सगुणा राइस टेक्निक. मी एका शेतावर ती जवळून बघितली. नेहमीच्या पद्धतीत काय, आधी राब भाजायचा, म्हणजे पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजायची, तिथे रोपांसाठी आवण टाकायचं, शेतात चिखलणी करायची, मग बायका दिवसभर कमरेत वाकून लावणी करणार. इथे एकदाच गादीवाफे, म्हणजे उंच सपाट वाफे, पाडायचे, लोखंडी साचा दाबला की ठराविक अंतरावर भोकं पडतात, त्यात तीन-चार दाणे टाकायचे. राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, उपटायची नाहीत, ती कुजतात आणि गांडुळं वाढतात. त्या शेतावरच्या काकींनी मला वाफ्यातलं एक ढेकूळ हातावर फोडून दाखवलं, आत मुळांच्या जागी बारीक बारीक नळ्या राहिलेल्या. म्हणाल्या, ह्यातून पाणी खाली जातं बघ. आणि भात निघालं की त्याच वाफ्यावर, जमिनीत उरलेल्या ओलीवर, वाल. यात तणनाशक वापरलं जातं, त्यामुळे हिला पूर्ण सेंद्रिय म्हणू नका, पण कंबर आणि माती दोन्ही वाचते हे खरंय.

२ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि बोर्डीचा शब्द देशभर गेला, याचा मला खूप अभिमान आहे. पण आज सेविकेला पगार नाही, मानधन आहे. वजनं, नोंदी, मोबाइलवरचं ॲप, सर्वेक्षण, या सगळ्यात शिकवायला उरतं किती? अंगणवाडी म्हणजे खिचडी मिळते ती जागा असं गावात लोक बोलतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, कारण तीन ते सहा वर्षांचं मूल तिथे खरंच शिकत असतं.

तुमच्या गावात शेतीचं प्रशिक्षण होणार असेल तर एवढं करा, ते अंगणवाडीच्या शेजारी ठेवा. आई वाफ्यावर, मूल आत, आणि बाळासाठी एक झोळी बांधा. काकींनी त्या दिवशी तेच केलं होतं, शेताच्या कडेच्या आंब्याला झोळी, आणि वाल पेरता पेरता येता जाता एक झोका.