अंधाऱ्या खोलीत भिंत ओळखणारा किरण

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील हे घर. मे महिन्यातील दुपार असल्याने ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून पडदे ओढलेले आहेत, आणि त्या अंधारात ताटाएवढे एक यंत्र, शेतात कुळवाची पाळी घालावी तसे, शहाबादी फरशीवर सरळ पट्ट्यांत केर काढत आहे.

२००२ साली बाजारात आलेल्या ‘रुंबा’ या केर काढणाऱ्या पहिल्या पिढीतील रोबोला हे जमत नसे. पलंगाच्या पायाला धडकला की तो दिशा बदलून पुढे जाई. २०१० मध्ये नीटो कंपनीने घरगुती रोबोच्या पाठीवर फिरता लेझर बसवला. तशीच लेझरची डबी या यंत्रावरही दिसते. ती सेकंदाला साधारण पाच वेळा फिरते आणि प्रत्येक फेरीत शेकडो दिशांचे अंतर मोजते. उजेड ती स्वतःच पाठवते, त्यामुळे खोली अंधारी असली तरी अडत नाही.

अंतर मोजण्याची एक रीत आडात खडा टाकण्यासारखी आहे. आवाज वर यायला किती वेळ लागला, यावरून पाणी किती खोल हे ताडतात, तसा येथे प्रकाश परतण्याचा वेळ मोजतात. मात्र तीन मीटरवरील भिंतीला शिवून परतायला प्रकाशाला २० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाच कोटीवा भाग पुरतो. दुसरी रीत समजून घ्यायची तर वेरूळला जाणाऱ्या एसटीची खिडकी आठवावी: कडेची झाडे भरभर मागे पळतात, दौलताबादचा किल्ला मात्र बराच वेळ जागीच असल्यासारखा वाटतो. लेझर आणि त्याचा ठिपका टिपणारा संवेदक शेजारीशेजारी, पण थोड्या अंतरावर बसवले, की जवळच्या वस्तूवरचा ठिपका संवेदकावर बराच सरकलेला दिसतो, दूरच्या वस्तूवरचा किंचित. नीटोने हीच रीत वापरली होती.

खरी कसोटी त्यापुढे आहे. नकाशा काढायचा तर आपण कोठे उभे आहोत हे ठाऊक हवे, आणि ते कळायला नकाशा हवा. ही दोन्ही कामे एकाच वेळी करण्याच्या पद्धतीला अभियंते ‘स्लॅम’ म्हणतात. चाके किती फिरली यावरून यंत्र आपल्या जागेचा अंदाज बांधते, पण सतरंजीवर चाक घसरले की तो अंदाज चुकतो. मग ते नुकतीच टिपलेली बिंदूंची रेघ जुन्या नकाशावर ठेवून, कोपऱ्याला कोपरा आणि चौकटीला चौकट जुळेपर्यंत, किंचित सरकवते, किंचित वळवते. जेथे ती बसते, तेथेच आपण आहोत असे ते मानते. या साऱ्या रचनेतील सर्वांत सुंदर भाग आम्हाला हाच वाटतो.

हा किरण जमिनीपासून वीतभरही उंच नसलेल्या एकाच पातळीत फिरतो. त्याखाली पडलेली चप्पल किंवा चार्जरची वायर त्याला दिसत नाही. तेथे पुढच्या पट्टीला होणारा स्पर्श किंवा इतर संवेदक कामी येतात.

आरशापुढे मात्र तो पुरता फसतो. या खोलीतील कपाटाचा आरसा फरशीपर्यंत आहे. किरण आरशावरून परावर्तित होऊन समोरच्या भिंतीवर जातो आणि त्याच वाटेने परततो. यंत्राला ते सारे अंतर सरळ रेषेत वाटते. मोबाइलवरील नकाशात पाहावे, कपाटामागे आणखी एक खोली उमटली आहे. घरातील ताईंनी आरशावर लेझरच्या उंचीला खाकी कागदाची एक पट्टी चिकटवली, नकाशा पुन्हा काढायला लावला, आणि ती खोली नाहीशी झाली.