ट्रक बॉर्डरवर नेमका अडतो कशाला? टीआयआर, बीबीआयएन आणि आपला नाशिकचा कांदा

नमस्कार मंडळी. आज डायरेक्ट एका आकड्यापासून सुरू करतो. १३८ तास.

पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या पुढे पेट्रापोल आहे, पलीकडे बांगलादेशातलं बेनापोल. मध्ये रस्ता एकच, सलग डांबरी, नदी नाही घाट नाही. तिथून मालाचा ट्रक पार व्हायला साधारण १३८ तास जातात, असं वर्ल्ड बँकेने २०२१ च्या रिपोर्टमध्ये लिहिलंय. म्हणजे पावणेसहा दिवस. नाशिकहून कांदा भरून निघालेला ट्रक सगळा देश आडवा कापून तेवढ्या वेळात पेट्रापोलला पोचतो, आणि पोचल्यावर परत तेवढंच थांबायचं. त्याच रिपोर्टमध्ये असंही आहे की पूर्व आफ्रिकेत एवढाच माल हाताळणाऱ्या बॉर्डरवर सहा तासांच्या आत काम होतं. केनिया-युगांडाकडे. आपण ज्यांना उगाच मागासलेले समजतो ना, तिकडे.

[स्क्रीनवर नकाशा: नाशिक ते पेट्रापोल]

आता या १३८ मधले २८ तास कशात जातात माहितीये? माल एका ट्रकमधून काढून दुसऱ्या ट्रकमध्ये भरण्यात. आपला ट्रक बेनापोलच्या यार्डापर्यंत जातो, तिथे गोण्या उतरतात, मग बांगलादेशी ट्रक त्या उचलून पुढे ढाक्याला नेतो. आपल्या गाडीला पुढे जायची परमिशनच नाही. बाकीचा वेळ पार्किंगमध्ये, लाइनमध्ये, कागदांवर सह्या घेण्यात. ड्रायव्हर गाडीखाली चटई टाकून झोपतो, क्लीनर स्टोव्हवर भात लावतो, आणि मालक तिकडून फोन करून विचारतो की नंबर लागला का.

मग प्रश्न असा की ट्रक थांबवतात कशाला? लोकांना वाटतं स्मगलिंग, सिक्युरिटी वगैरे. ते आहेच, पण मूळ भीती पैशाची असते. समजा एक ट्रक तुर्कस्तानातून निघाला आणि कझाकस्तानला चाललाय, मध्ये तीन-चार देश लागतात. मधल्या देशाला तो माल नकोच आहे, फक्त रस्ता द्यायचाय. पण तिथल्या कस्टम्सला धाकधूक की हा बाबा आत शिरला आणि माल आपल्याच बाजारात विकून रिकामा बाहेर पडला तर? ड्युटी बुडाली. म्हणून ते म्हणतात, आधी ड्युटीएवढं डिपॉझिट ठेव, बाहेर पडलास की परत घे. आता हिशोब करा, पन्नास लाखाचा माल, वीस टक्के ड्युटी धरली तर एका देशात दहा लाख, चार देशांत चाळीस लाख अडकले, तेही एका फेरीचे. वर प्रत्येक बॉर्डरवर माल खाली उतरवून तपासणी. असा धंदा कोण करणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात हाच गोंधळ होता. सगळं उद्ध्वस्त झालेलं, माल इकडून तिकडे न्यायची घाई, आणि दर थोड्या अंतरावर नवी बॉर्डर. तर १९४९ मध्ये काही देशांनी मिळून एक व्यवस्था सुरू केली, १९५९ मध्ये तिचा रीतसर करार झाला, १९७५ मध्ये तो नव्याने लिहिला गेला आणि आज चालतो तो हा १९७५ वालाच. नाव टीआयआर. युरोपातल्या ट्रकच्या मागे निळ्या पाटीवर पांढरी तीन अक्षरं असतात ती हीच, जे लोक तिकडे फिरून आलेत त्यांनी बघितली असतील.

यातली आयडिया मला फार आवडते, कारण ती कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून नाही. आपल्याकडे पतसंस्थेतून कर्ज घेताना जामीनदार लागतो ना, तसा इथे ट्रकला जामीनदार मिळतो. प्रत्येक देशात एक संघटना ठरलेली असते, ती ट्रान्सपोर्टरला नीट तपासून एक पुस्तिका देते, तिला कार्ने म्हणतात. ही सगळी साखळी जिनिव्हातली आयआरयू नावाची ट्रान्सपोर्टवाल्यांची जागतिक संघटना चालवते आणि तिच्या मागे इन्शुरन्स कंपन्या असतात. माल गायब झाला आणि ट्रकवाल्याने ड्युटी भरली नाही, तर त्या देशातली संघटना कस्टम्सला पैसे देते, बऱ्याच ठिकाणी एका कार्नेमागे एक लाख युरोपर्यंत. झालं! मग मधल्या देशाने डिपॉझिट कशाला मागायचं?

प्रॅक्टिकलमध्ये असं होतं. जिथून माल निघतो तिथलं कस्टम्स एकदाच नीट तपासतं आणि सील मारतं. पुढच्या प्रत्येक बॉर्डरवर फक्त सील शाबूत आहे का, गाडीला बाहेरून कुठे फाडलंय-कापलंय का ते बघायचं, पुस्तिकेतलं एक पान आत येताना फाडायचं, एक बाहेर जाताना, आणि सोडायचं. शंका आली तर उघडून बघायचा हक्क आहेच, पण रोजचा नियम नाही तो. म्हणजे मधल्या देशाने पहिल्या देशाच्या तपासणीवर विश्वास ठेवायचा, आणि विश्वास चुकला तर भरपाईची सोय आहे.

आता हे ऐकायला फार गोड वाटतंय, पण लोक काय ऐकतात का? नव्वदच्या दशकात पूर्व युरोप मोकळा झाला, ट्रकची संख्या भसाभस वाढली, आणि सिगारेट-दारूची स्मगलिंग करणाऱ्यांनी याच पुस्तिकेचा गैरवापर केला. कागदावर माल ‘बाहेर गेला’ असा शिक्का, प्रत्यक्षात माल आतच विकलेला. इतके क्लेम झाले की इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले आणि दारू-तंबाखूसाठी असलेली वेगळी कार्ने बंद करावी लागली. त्यानंतर कुठे कॉम्प्युटरवर क्रॉसचेक सुरू झाला, आणि २०२१ पासून तर पूर्ण डिजिटल ईटीआयआरची कायदेशीर सोय करारातच घातली. आणि २०१३ मध्ये रशियाच्या कस्टम्सने एक दिवस सरळ सांगितलं की आम्हाला ही हमी पुरेशी वाटत नाही, आमची वेगळी गॅरंटी आणा. करारावर सही असतानाही. तेव्हा ट्रान्सपोर्टवाल्यांची काय धांदल उडाली असेल विचार करा.

बरं, भारत यात कधी आला? १५ जून २०१७. आपल्याकडे जामीनदार संघटना म्हणजे फिक्की, उद्योग-व्यापारवाल्यांची देशपातळीवरची संघटना. आणि इथे महाराष्ट्राचा संबंध येतो, कारण २०१९ च्या मार्चमध्ये टीआयआरखाली भारतात पहिला माल आला तो आपल्या न्हावा शेवाला, जेएनपीटीमध्ये. अफगाणिस्तानातून निघाला, इराणच्या बंदरात जहाजावर चढला आणि इथे उतरला. तुम्ही म्हणाल हा तर रस्त्याचा करार ना, मग जहाज कुठून आलं? तर करारात तशी सोय आहे, प्रवासाचा काही भाग तरी रस्त्याने झाला पाहिजे, बाकी कंटेनर जहाजाने गेला तरी तीच पुस्तिका, तेच सील.

पण अफगाणिस्तानातून माल समुद्रमार्गे का यावा? नकाशा बघा जरा. वाघ्यावरून सरळ रस्ता आहे. २०१० च्या पाकिस्तान-अफगाणिस्तान करारात तर अफगाण ट्रकला वाघ्यापर्यंत माल आणायची मुभा होती, फक्त परत जाताना भारतीय माल न्यायचा नाही. रिकामं जायचं. कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा, रिटर्न भाडं नाही म्हणजे ट्रिप गेली.

आणि सगळ्यात मोठी गंमत ऐका. २०१७ मध्ये भारत टीआयआरमध्ये शिरला तेव्हा आपल्या शेजाऱ्यांपैकी कोण आत होतं? पाकिस्तान आणि चीन, म्हणजे ज्यांच्याकडे आपले ट्रक जात नाहीत ते. आणि बांगलादेश, नेपाळ, भूतान, म्यानमार, जिथे खरोखर ट्रक धावू शकतात, त्यातलं एकही नव्हतं. जिथे रस्ता आहे तिथे करार नाही, जिथे करार आहे तिथे रस्ता बंद. हे असं फक्त आपल्याच भागात होऊ शकतं राव.

मग बांगलादेश-नेपाळसाठी काय? तर त्यांच्यासाठी वेगळा करार होता, बीबीआयएन. बांगलादेश, भूतान, इंडिया, नेपाळ. आधी २०१४ मध्ये काठमांडूच्या सार्क परिषदेत सगळ्या सार्क देशांसाठी असा करार करायचा प्रयत्न झाला, पाकिस्तान तयार झाला नाही. मग या चौघांनी १५ जून २०१५ ला थिंफूमध्ये सही केली. हो, तारीख तीच १५ जून, दोन वर्षं आधीची, योगायोग आहे बहुतेक. कल्पना अशी की एका देशाचा ट्रक परमिट घेऊन थेट दुसऱ्या देशात जाईल, माल बदलायची भानगड नाही. ट्रायल रनही झाली. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्याहून ट्रक निघाला, ढाक्यावरून थेट आगरतळ्याला. भारतातल्या भारतात सिलिगुडीकडून वळसा घालून गेलं तर दीड हजार किलोमीटरच्या वर पडतं, बांगलादेशातून हजारभर किलोमीटर वाचले. २०१६ मध्ये ढाक्याहून दिल्लीला पण ट्रक आला, इलेक्ट्रॉनिक सील लावून.

फोटो निघाले, झेंडे दाखवले, आणि पुढे गाडी गाळातच. भूतानच्या संसदेच्या वरच्या सभागृहाने २०१६ मध्ये करार नाकारला. आता भूतानला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांचं म्हणणं असं होतं की आमचे रस्ते अरुंद, देश लहान, तुमचे हजारो ट्रक आत आले तर आमच्या ट्रकवाल्यांनी काय करायचं आणि डोंगरांचं काय व्हायचं. मला तरी यात चूक दिसत नाही. मग बाकी तिघांनी ठरवलं आपण पुढे जाऊ, २०२२ च्या मार्चमध्ये दिल्लीत तशा सामंजस्य कराराचा मसुदाही पक्का झाला. पण मालवाहतुकीच्या नियमांवर घोडं अडलेलंच, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सरकारच बदललं.

आणखी एक गोष्ट रिपोर्टमध्ये कमी आणि बॉर्डरवर जास्त दिसते. ट्रक थांबला की कोणाचं तरी पोट भरतं. पार्किंगवाले, हमाल, छोटे हॉटेलवाले, बॉर्डरपासून पुढे माल नेणारे ट्रकमालक, कागद करून देणारे एजंट. उद्या गाडी सरळ सुटली तर यांनी जायचं कुठे, हा प्रश्न कोणत्याच करारात नीट लिहिलेला नसतो, म्हणून मग विरोध होतो. तो वरून सरकारी वाटतो, खाली मात्र रोजीरोटीचा असतो.

आता कांद्याकडे येऊ, नाशिककर मघापासून थांबलेत. समजा उद्या बांगलादेश टीआयआरमध्ये आला, तर लासलगावचा कांदा सील करून सुसाट ढाक्याला जाईल का? पहिली अडचण गाडीची. टीआयआरची गाडी अशी लागते की सील न तोडता आत हात घालता येणार नाही, एकतर बंद बॉडी, किंवा ताडपत्री असेल तर कड्यांमधून एक सलग केबल ओवून त्यावर सील. आपला कांद्याचा ट्रक बघा, उघडी बॉडी, गोण्यांची थप्पी, वर ताडपत्री आणि दोरखंड, बाजूने मुद्दाम फट ठेवलेली. कारण कांद्याला हवा लागते, बंद डब्यात घातला की घाम फुटतो आणि कोंब येतात. म्हणजे कस्टम्सला हवा तो ट्रक कांद्याला चालत नाही आणि कांद्याला हवा तो कस्टम्सला. हवा खेळती असलेले कंटेनर असतात, पण त्याचं भाडं कोण देणार? त्यापेक्षा रेल्वेचा रेक बरा, २०२० पासून बराच कांदा तसा गेलाही.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. १४ सप्टेंबर २०२० ला केंद्राने कांदा निर्यातबंदी केली, एका नोटिफिकेशनमध्ये, आणि शेकडो ट्रक बॉर्डरवर भरलेले उभे. काही दिवसांनी अडकलेल्यांपैकी थोड्यांना सोडलं, तोवर गोण्यांतून पाणी गळायला लागलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये परत बंदी. इथे कुठलाही वाहतूक करार कामाचा नाही, कारण तो फक्त सांगतो की ट्रक कसा जाईल, माल जाऊ द्यायचा की नाही हे दिल्ली नाहीतर ढाका ठरवणार. विदर्भातल्या संत्रावाल्यांना हे वेगळं सांगायला नको, बांगलादेशने आयात शुल्क इतकं वाढवलं की रस्ता मोकळा असून माल परवडेना.

आणि ताजं उदाहरण तर याहून भारी. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशने भारतीय सूत जमिनीवरच्या बॉर्डरने घ्यायचं बंद केलं. मे २०२५ मध्ये आपण सांगितलं की बांगलादेशचे तयार कपडे जमिनीवरून येणार नाहीत, फक्त दोन समुद्री बंदरांतून या, कोलकाता आणि न्हावा शेवा. म्हणजे जो शर्ट पेट्रापोलहून ऐंशी-एक किलोमीटरवर कोलकात्याला उतरला असता तो आता जहाजात बसून पार उरणला उतरू शकतो, तिथून ट्रकने जिथे जायचं तिथे. आपल्या जेएनपीटीच्या ट्रेलरवाल्यांना थोडं भाडं मिळालं असेल, मी काय म्हणणार.

तुमच्यापैकी कोणी स्वतः पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर नाहीतर रक्सौलला माल पाठवत असेल, तर कमेंटमध्ये लिहा की सध्या नंबर लागायला किती दिवस जातात आणि थांबण्याचं भाडं पार्टी देते का तुमच्याच बोकांडी बसतं. कंपनीचं, एजंटचं नाव टाकू नका, नुसते दिवस आणि रुपये टाका, त्यावरच पुढचा व्हिडिओ करतो.