नऊच आकडे

नमस्कार श्रोतेहो. निकाल लागले की आपल्या नागपुरात मिहानकडे, परसोडीच्या आयटी पार्ककडे मुलं-मुली फाइल घेऊन निघतात, आणि आई दारातून सांगते, "इंग्लिश नीट बोलजो रे." कॉल सेंटरच्या मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला मी पाच वर्षं बसले आहे. त्या आईला आणि तिच्या लेकरांना मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. आधी ऐका, मग बोला. पुन्हा सांगते, आधी ऐका, मग बोला.

कामाचे प्रकार थोडक्यात. ग्राहकाचा फोन आपल्याकडे येतो ते इनबाउंड, आपण लावतो ते आउटबाउंड. ग्राहक देशातला असेल तर डोमेस्टिक. तिथे हिंदी-मराठी चालते, नव्हे, चांगली मराठी हे तिथलं भांडवल आहे. ग्राहक अमेरिकेतला असेल तर रात्रपाळी. तिकडे पूर्व किनाऱ्यावर सकाळचे 9 वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे 6:30 आणि हिवाळ्यात 7:30 झालेले असतात. "नाइट शिफ्ट चालेल का?" हा प्रश्न येतोच, तेव्हा घरी आधी बोलून जा. मुलाखतीत तुमची ओळख विचारतात, टायपिंग बघतात, एखाद्या विषयावर मिनिटभर बोलायला लावतात. आणि मग मॉक कॉल. समोरचा माणूस चिडलेला ग्राहक होतो आणि तुम्ही त्याचा फोन घ्यायचा.

या मॉक कॉलची एक आठवण सांगते. मे महिना होता, दुपारचे बारा वाजत आलेले. उमरेडहून एक मुलगी आली होती, पहाटेची एसटी धरून गणेशपेठला उतरलेली. तोंडाला बांधलेला पांढरा दुपट्टा तिने सोडला तेव्हा गालांवर त्याच्या चुण्या उमटल्या होत्या. "स्वतःबद्दल सांगा" म्हटल्यावर तिने पाठ केलेली इंग्रजी वाक्यं सुरू केली आणि तिसऱ्या वाक्याला अडकली. गप्पच झाली. माझ्या शेजारच्या सरांनी कागदावर बारीकशी फुली मारली. ती मी पाहिली, तिनेही पाहिली.

काम डोमेस्टिकचं होतं, म्हणून मी म्हटलं, मॉक कॉल तरी घेऊ. सर ग्राहक झाले आणि एकदम चढ्या आवाजात सुरू. "तीन दिवस झाले, नेट बंद आहे! पैसे घेता, अन् कोणी ऐकून नाही राहिलं! लिहा माझा नंबर!" आणि नंबर धडाधड सांगून टाकला. आता यात एक गोम होती. सर मुद्दाम नऊच आकडे सांगायचे. सकाळपासून अकरा जण येऊन गेले होते. अकराही जणांनी "तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत" हे वाक्य सुरेख म्हटलं, कोणी इंग्रजीत, कोणी हिंदीत, आणि "दोन मिनिटांत तपासतो" असं सांगितलं. काय तपासणार? दहावा आकडाच नव्हता.

ही मुलगी मात्र काही बोलली नाही. पर्समधून पेन काढून तिने फाइलच्या मागच्या पुठ्ठ्यावर नंबर लिहिला. सर ओरडतच होते. त्यांना दम लागला तेव्हा ती म्हणाली, "काका, नंबर वाचून दाखवते, बरोबर आहे का सांगा." एकेक आकडा सुटा वाचला. मग म्हणाली, "काका, हे नऊच झाले. एक राहिला."

सर ग्राहकाचा आवाज विसरून हसले. ती हसली नाही. तिने पुढे विचारलं, "तीन दिवस म्हणजे सोमवारपासून ना, काका? डब्यावरचा लाल दिवा लागून आहे का?" तिच्यासाठी तो खराच ग्राहक होता.

मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, मामाची गॅस एजन्सी आहे, सुट्टीत तिथे फोनवर बुकिंग लिहून घ्यायची. एकदा ग्राहक क्रमांकातला एक आकडा चुकला आणि लग्नघरचं सिलिंडर दुसऱ्याच मोहल्ल्यात उतरलं. ऐन हळदीच्या दिवशी. लग्नघरच्या आजी एजन्सीत आल्या, खुर्चीवर बसल्या, कोणाला काही बोलल्या नाहीत. सिलिंडर येईपर्यंत नुसत्या बसून राहिल्या. "तेव्हापासून मी नंबर वाचून दाखवल्याशिवाय फोन ठेवत नाही, मॅडम."

ग्राहकाला "काका" म्हटलं म्हणून एकांनी हरकत घेतली. मी म्हटलं, "सर" म्हणायला ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवू. तिची निवड झाली. दीड वर्षाने ती क्वालिटीत होती, नव्या मुलांचे कॉल ऐकून गुण द्यायची.

आकड्यांवरून आठवलं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला "वीस एक" म्हणायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला! आपले त्रेसष्ट, त्र्याऐंशी मला जिवापाड प्रिय आहेत, आणि पाढे मुलांनी त्याच शब्दांत म्हणावेत असं माझं ठाम मत आहे. पण फोनवर एकोणसत्तर आणि एकोणऐंशी कानाला जवळपास सारखे लागतात. फोनवर आकडा सुटाच सांगा. सहा, नऊ. सात, नऊ. घरी सवय करा. लाइट बिलावर महावितरणचा 12 आकडी ग्राहक क्रमांक असतो, तो बाबांना भराभर वाचायला सांगा, एकदाच ऐकून लिहा आणि परत वाचून दाखवा. रोज दहा मिनिटं, बस. आधी ऐका, मग बोला.

मुलींच्या आईवडिलांसाठी एक. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री 9:30 ते सकाळी 7 या वेळात स्त्रीला तिच्या संमतीनेच काम देता येतं, आणि तिची सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंतची गाडी ही मालकाची जबाबदारी आहे. गाडी दारापर्यंत येते की चौकापर्यंत, हे मुलाखतीतच विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. आणि नोकरीसाठी आधी पैसे भरा म्हणणारा कोणीही असो, तिथून उठून या.

मुलाखतीच्या सकाळी तर्री-पोहे खाऊ नका. तर्रीवर माझंही प्रेम आहे, पण तिखटाने घसा धरला की आवाज फाटतो. साधे पोहे खा, उन्हाळा असेल तर निघताना पन्हं प्या. पेन स्वतःचं न्या, दोन न्या.

घरी आल्यावर फोन जवळ ठेवा. कंपनीचा फोन अनोळखी नंबरावरून येतो. आपल्याकडे फोन उचलला की "हॅलो, कोण?" म्हणायची रीत आहे, ती मला कधीच पटली नाही. आधी आपलं नाव सांगावं. त्या दिवशीही तसंच करा. "नमस्कार," म्हणा, मग नाव, आणि मग ऐका. रुजू व्हायची तारीख सांगतील, वेळ सांगतील, कोणती कागदपत्रं आणायची ते सांगतील. सगळं लिहून घ्या, आणि फोन ठेवायच्या आधी त्यांना वाचून दाखवा. नमस्कार.