वजन उतरवायला आलेला माणूस आणि आपण

सांगलीत, विश्रामबागेतल्या एका सभागृहात जिमचालक आणि ट्रेनर यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन

मंडळी, नमस्कार. मिरज, तासगाव, विटा, पलूस, जत अशा सगळीकडून तुम्ही आला आहात. समोर काही चेहरे तालमीतले दिसतायत, काही नव्यानं सर्टिफिकेट मिळवलेल्या मुली आहेत, मागं योगाचे वर्ग घेणारेही बसलेत. काम प्रत्येकाचं वेगळं असलं तरी सगळ्यांच्या दारात येणारा माणूस सारखाच असतो. तो म्हणतो, "वजन उतरवायचंय." त्याला आपण काय सांगून बोलावतो आणि आल्यावर त्याच्याशी कसं वागतो, एवढंच मला आज बोलायचं आहे.

हिशेबापासून सुरुवात करू. '30 दिवसांत 10 किलो' असे फलक आपल्या भागात तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, काहींनी लावलेतही. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. दहा किलोच्या झाल्या 77,000. तीस दिवसांनी भागलं तर रोज 2,566 कॅलरींची तूट काढावी लागेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या तक्त्यात, बैठं काम करणाऱ्या 55 किलोच्या बाईची दिवसाची गरज 1,660 कॅलरी धरली आहे. आपल्याकडे येणाऱ्या ताईंचं वजन जास्त असतं, म्हणून 2,000 धरा. त्यांनी महिनाभर अन्नाचा कणही तोंडात घातला नाही, तरी हिशेब पुरा होत नाही. वरून रोज पाच किलोमीटर चालायला लावलंत तर आणखी अडीचशे-तीनशे कॅलरी जातील. तरीही गाठता येत नाही.

मग काही जणींचा काटा पहिल्याच आठवड्यात दोन-अडीच किलोनं खाली येतो, तो कसा? यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते, साधारण चारशे-पाचशे ग्रॅम. तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात-भाकरी एकदम बंद केली की ही साखर वापरली जाते आणि तिच्याबरोबरचं पाणीही जातं. मीठ कमी झालं की आणखी थोडं पाणी जातं. चरबी जवळजवळ होती तिथंच असते. भाचीच्या लग्नात दोन दिवस नीट जेवली की पाणी परत येतं, काटा वर जातो आणि ताई घरी जाऊन म्हणतात, "माझ्या जिभेला ताबाच नाही." मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं. त्या फलकाला दोष देत नाहीत, आपल्याला देत नाहीत, स्वतःला देतात. पुढच्या दिवाळीनंतर दुसऱ्या जिमचं दार वाजवतात, तेव्हा तो दोष सोबत घेऊन जातात.

फलकावर जे छापलं, त्यानं ट्रेनरचे हात बांधले जातात, हे आपण पुरेसं लक्षात घेत नाही. दहा किलोचं वचन दिलंय. बाराव्या दिवशी काटा अडकला. आता ट्रेनर काय करणार? आधी रात्रीची भाकरी काढतो. मग सकाळी एक तास असलेली बॅच दोन तासांची करतो. मग शेक आणि फॅट बर्नरचा डबा पुढं करतो. त्याला हे चुकीचं आहे हे कळत असतं, पण वचन पुरं करायचं तर त्याच्याकडं दुसरं काही उरलेलं नसतं. म्हणून मी म्हणते की आपलं कोचिंग पहिल्या वर्कआउटला सुरू होत नाही, ते फलक छापायला टाकतो त्या दिवशी सुरू होतं.

उपासमार करून वजन उतरवल्यावर पुढं काय होतं, याचा एक अभ्यास सगळ्यांना ठाऊक असावा. अमेरिकेत वजन उतरवण्याची एक टीव्ही स्पर्धा होती. तिच्यातल्या 14 जणांना संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, ते 2016 साली प्रसिद्ध झालं. स्पर्धेत त्यांचं सरासरी 58 किलो वजन उतरलं होतं, त्यातलं सरासरी 41 किलो परत आलं होतं. इतकं वजन परत येऊनही त्यांचं शरीर विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे गडी जिंकून घरी गेला आणि सहा वर्षांनी त्याला पहिल्यापेक्षा कमी खाऊन जगावं लागतंय. आपल्याकडं कुणाचे 58 किलो उतरत नाहीत, पण दिशा तीच असते.

आता फोटोंकडं येते. 'आधी' आणि 'नंतर'. आधीचा फोटो संध्याकाळी जेवणानंतर, पोट सोडून, ट्यूबलाइटखाली. नंतरचा सकाळी उपाशीपोटी, श्वास ओढून, खिडकीच्या उजेडात. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते परवानगीबद्दल. सांगलीसारख्या शहरात माणूस ओळखू यायला वेळ लागत नाही. चेहरा झाकला तरी मागची भिंत, हातातली घड्याळं, गळ्यातलं मंगळसूत्र यांवरून लोक ओळखतात. फोटो तुमच्या स्टेटसवरून तिच्या सोसायटीच्या ग्रुपवर जातो, तिथून सासरी. "ताई, टाकू का?" असं वर्कआउटनंतर दमलेल्या बाईला विचारलं तर ती हो म्हणणारच, कारण ती तुम्हाला मान देते. लेखी परवानगी घ्या, दुसऱ्या दिवशी घ्या, आणि फोटो काढून टाकायला सांगितला तर त्याच दिवशी काढून टाका. फी माफ करण्याच्या बदल्यात फोटो मागू नका.

आणि फोटो कुणाचा असावा? शंभर फुटी रस्त्यावरून अठ्ठेचाळीस वर्षांच्या काकू भाजी घेऊन जातात, तेव्हा त्यांना तुमच्या फलकावर सिक्स पॅकवाला मुंबईचा मॉडेल दिसतो. त्या मनात म्हणतात, हे आपल्यासाठी नाही. खरं तर तुमची सगळ्यात जास्त गरज त्यांना आहे. गुडघे दुखतात, जिना चढताना दम लागतो, साखर काठावर आलीय. माझ्याकडं आलेल्या बायांना मी विचारते की वजन उतरल्यावर काय करायचंय. एक म्हणाली, पंढरीच्या वारीत चालायचंय, निदान दोन मुक्काम. एक म्हणाली, श्रावणात दंडोबाचा डोंगर न बसता चढायचाय. एकीला नातवाला कडेवर घेऊन बाजारात जायचं होतं. हे फलकावर लिहा. 'जिना दम न लागता चढा' हे वचन तीन महिन्यांत पुरं करता येतं, आणि ते पुरं झालं की नाही हे त्या बाईला स्वतःलाच कळतं.

काटा काय सांगत नाही, याचं उत्तम उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्या लोकांच्या अंगात कमी वजनालाही चरबी जास्त असते आणि ती पोटाकडं साठते. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय 23 पासूनच जास्त वजन धरतात. तुमच्या वहीत वजनाशेजारी कमरेचा घेर लिहायला जागा ठेवा. बायांना 80 सेंटिमीटरच्या आत, पुरुषांना 90 च्या आत. पाच रुपयांची टेप अंगातली चरबी मोजणाऱ्या त्या महागड्या बॉडी अॅनालायझरपेक्षा जास्त भरवशाची आहे, कारण ते यंत्र पाणी जास्त प्यायलं, कमी प्यायलं, यावर आकडा बदलतं.

हा जिल्हा हिंदकेसरी मारुती मानेंचा. इथं जवळजवळ प्रत्येक जिममध्ये एक तरी जुना पैलवान वजन उतरवायला येतो. आखाडा सुटला, पण खुराक सुटला नाही. तूप, बदाम, दूध, मटण तेवढंच, आणि हजार बैठकांच्या जागी आता दुकानाचा गल्ला. त्याला तुम्ही ट्रेडमिलवर चढवता आणि तो आठवड्यात पळून जातो. त्याच्या अंगाला माती आणि जोर-बैठकांची सवय आहे, ताकदीच्या कामात त्याचं मन लागतं. त्याला वजन उचलायला द्या. शरीरात स्नायू टिकले तरच उतरलेलं वजन चरबीचं असतं. आणि खुराकाबद्दल त्याच्याशी बोलताना वस्तादांचा मान राखून बोला. "तुमच्या वस्तादांनी आज तुमचं काम पाहून किती दूध लावलं असतं?" असं एकदा विचारून बघा, तो स्वतःच मापं सांगायला लागतो.

हे विचारणं हाच कोचिंगचा मोठा भाग आहे. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी दारूच्या व्यसनातून बाहेर पडणाऱ्या लोकांसोबत काम करताना 1983 मध्ये ही पद्धत मांडली आणि पुढं स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली. माणसाला बदलायचं असतं आणि नसतंही. आपण बदलाची बाजू घेऊन भांडायला लागलो की तो आपोआप दुसरी बाजू घेतो. "ताई, साखर सोडा" म्हटलं की लगेच, "अहो, पण चहा तर लागतोच." त्याऐवजी विचारा, "चहाचं काय करता येईल असं तुम्हाला वाटतं?" ती म्हणेल, चारचे दोन करीन. दोन कप तिनं ठरवलेत, म्हणून ती पाळेल.

आहाराची चौकशी करताना 'काल काय खाल्लं' विचारू नका, लोक तुम्हाला आवडेल ते सांगतात. मी विचारते, "घरात महिन्याला तेल किती लिटर लागतं आणि जेवणारी माणसं किती?" याचं उत्तर कुणी लपवत नाही. चार माणसांना चार लिटर असेल तर माणशी एक लिटर, म्हणजे रोजच्या साधारण 270 कॅलरी नुसत्या तेलाच्या. त्यातलं निम्मं तेल कमी झालं तर कुणाची भाकरी काढायची गरज पडत नाही. सासूबाईंच्या हातात स्वयंपाक असेल तर तेलाची बाटली सुनेच्या हातात नसते, हेही लक्षात घ्या. अशा घरी मी सुनेला डाएट चार्ट देत नाही, सासूबाईंनाच एकदा जिममध्ये चहाला बोलावते. प्रथिनांचंही तसंच. दर किलो वजनामागं 0.83 ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. मटकी, हुलगा, घट्ट वरण, अंडी, दही, मूठभर शेंगदाणे यांतून ते मिळतं. डबा विकत घ्यावा लागतोच असं नाही.

तासगावकडच्या ट्रेनरांनो, तुमचा गिऱ्हाईक द्राक्षबागायतदार आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो पहाटे फवारणीला असतो, जिमला येणार नाही. त्याला 'शिस्त नाही' म्हणू नका. त्या महिन्यांत घरी पंधरा मिनिटांचे व्यायाम द्या, फी पुढं सरकवा. कारखान्यावरच्या पाळीवाल्यांचं गळीत हंगामात असंच असतं.

एका गोष्टीवर मी फार कडक आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचं जेवण तुम्ही एकदम कमी केलं, तर त्याची साखर धोकादायक खाली जाऊ शकते. बीपीच्या गोळ्या चालू असताना वजन उतरलं तर उभं राहताना चक्कर येऊ शकते. गोळ्या डॉक्टर कमी करतील, आपण नाही. मिरजेसारखं वैद्यकीय गाव शेजारी आहे, तिथल्या डॉक्टरांना गिऱ्हाइकाच्या हाती चिठ्ठी पाठवा की मी असा असा व्यायाम सुरू करतोय. कट देऊन पेशंट मागू नका. वजनाची इंजेक्शनं 2025 पासून आपल्याकडं मिळायला लागलीत, त्यांना घाबरू नका. इंजेक्शनानं वजन उतरतं तेव्हा स्नायूही जातात, त्या माणसाला ताकदीचा व्यायाम शिकवणारा कुणीतरी लागतोच.

कायद्याचंही सांगून ठेवते. औषधानं लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात 1954 च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यानं बंद आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत.

आता मघाशी पलूसच्या एका दादांनी चिठ्ठी पाठवलीय: "शेजारी दहा किलोचा बोर्ड लागलाय, मी तीन महिन्यांत चार किलो लिहिलं तर माझ्याकडे येणार कोण?" प्रश्न अगदी रास्त आहे, भाडं भरायचंय सगळ्यांना. दादा, पहिल्या महिन्यात तुमच्याकडं कमी येतील. पण चार किलो लिहिताना लाजू नका. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम एवढंच ध्येय होतं, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या 2006 च्या अभ्यासात तर वजन फारसं न घटताही जीवनशैली बदलून 28.5 टक्के घट दिसली. ऐंशी किलोच्या माणसाचे सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. हे बोर्डवर लिहा, आकड्यासकट. महिन्याची फी घेण्यापेक्षा तीन महिन्यांची हप्त्यानं घ्या, म्हणजे बाराव्या दिवशी अडकलेला काटा बघून तो सोडून जाणार नाही. आणि सोडून गेलेल्यांची यादी काढून ठेवा. त्यांना ऑफरचा मेसेज पाठवू नका, स्वतः फोन करा, गुडघा कसा आहे ते विचारा आणि परत येण्याबद्दल त्या फोनवर काही बोलू नका.