पूर्ण एक मिनिट

(नर्सिंगच्या पहिल्या वर्षावरील लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: डेमो रूम. मनगटावर टेकलेली तीन बोटं, जवळून.]

तर्जनी, मधलं बोट, अनामिका. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, हाडावर हलकेच टेकवलेली. अंगठा लावायचा नाही. अंगठ्याला स्वतःची नाडी असते, आणि नवखा हात पेशंटची सोडून आपलीच नाडी मोजून मोकळा होतो.

ही सगळी मुलं जीएनएमच्या, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीच्या, पहिल्या वर्षाची. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. बारावी कुठल्याही शाखेची चालते, त्यामुळे इथे कला शाखेतून आलेल्या मुलीही आहेत. शाळा मराठी, पुस्तकं इंग्रजी. फळ्यावरचे टॅकिकार्डिया, ब्रॅडिकार्डिया, डिस्प्निया, पायरेक्सिया हे शब्द आधी वहीत देवनागरीत उतरतात, मग हॉस्टेलवर रात्री पाठ होतात. या खोलीत मात्र पाठांतरावर कुणी सुटत नाही. मॅडम विचारतात, "किती?" उत्तर येतं, "अठ्ठ्याऐंशी." लगेच पुढचा प्रश्न: "लय कशी? ठोका भरलेला लागतोय की बारीक?"

इथे मुली थांबतात. पुन्हा बोटं टेकवतात.

मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००. शंभराच्या वर टॅकिकार्डिया, साठच्या खाली ब्रॅडिकार्डिया. हे यंत्रही सांगतं. ठोका बोटाखाली धाग्यासारखा निसटतोय, मध्येच एखादा चुकतोय, हे बोटालाच कळतं. म्हणून या खोलीत पंधरा सेकंद मोजून चारने गुणायला परवानगी नाही. पूर्ण एक मिनिट.

[दृश्य: नाडी मोजून झाली आहे, तरी हात मनगटावरच. नजर पेशंट झालेल्या मैत्रिणीच्या छातीकडे.]

आता ती श्वास मोजते आहे. तसं सांगितलं, की माणसाचा श्वास बदलतो. आपल्याकडे कुणी पाहतंय म्हटल्यावर तो मुद्दाम संथ किंवा खोल घेतला जातो. म्हणून मनगट सोडायचं नाही. नाडीच पाहतोय असं वाटू द्यायचं आणि छातीची वर-खाली मोजायची. मिनिटाला १२ ते २०. वॉर्डातल्या चार्टवर हा रकाना बऱ्याचदा न मोजताच, अंदाजाने भरला जातो. खरं तर पेशंट बिघडायला लागला की श्वासाची गती बहुतेक वेळा सगळ्यात आधी वाढते.

[दृश्य: खिडकीपाशी रांग. एकीने दुसरीची खालची पापणी ओढून धरली आहे.]

पॅलर म्हणजे फिकटपणा, इक्टेरस म्हणजे कावीळ, सायनोसिस म्हणजे निळेपणा, मग क्लबिंग, लिम्फ नोड म्हणजे गाठी, इडिमा म्हणजे सूज. डोक्यापासून पायापर्यंत पेशंट पाहायचा, तर हे सहा शब्द सोबत लागतात. वर्ग खिडकीपाशी आला आहे त्याला कारण आहे. पिवळ्या दिव्याखाली डोळ्यातला पिवळेपणा लपतो. कावीळ दिवसाच्या उजेडात पाहायची. फिकटपणा पाहायचा तो खालच्या पापणीच्या आत. आणि निळेपणा? पुस्तकातल्या फोटोत गोऱ्या चेहऱ्यावरचे निळे ओठ छापलेले असतात. आपल्या शेतात राबणाऱ्या माणसाच्या रापलेल्या चेहऱ्यावर तसा निळा रंग दिसणार नाही. मॅडम सांगतात, जीभ बाहेर काढायला लावा, ओठांची आतली बाजू पाहा. पुस्तकांनी आपल्या माणसांची त्वचा छापायला हवी. ती छापली जाईपर्यंत हे प्रत्येक वर्गात तोंडी सांगावं लागणार आहे.

[दृश्य: दोन्ही तर्जन्यांची नखं पाठीला पाठ लावून उजेडासमोर धरलेली. मधून चौकोनी फट.]

नखं अशी जुळवली की मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसते. ती दिसली तर ठीक. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या काही जुन्या आजारांत बोटांची टोकं फुगीर होतात आणि फट बुजते. त्याला क्लबिंग म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शामरोथ यांना हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग झाला होता. आपल्याच बोटांवर त्यांनी ही फट बुजलेली पाहिली आणि १९७६ मध्ये ती खूण लिहून ठेवली. वर्गातला प्रत्येक जण आता हात वर धरून आपापली फट शोधतो आहे. हा शब्द यांच्यापैकी कुणालाच पाठ करावा लागणार नाही.

[दृश्य: डाव्या हाताचं मधलं बोट पाठीवर, त्यावर उजव्या हाताचं बोट टकटक करतं. आवाज तसाच ठेवावा.]

पाहणे, चाचपणे, ठोकून पाहणे, ऐकणे. इन्स्पेक्शन, पाल्पेशन, पर्कशन, ऑस्कल्टेशन. हवा भरलेल्या फुप्फुसावर ठोका घुमतो, पाणी साचलेल्या जागी बद्द वाजतो. ऑस्ट्रियातले लिओपोल्ड आउएनब्रुगर हे खानावळ-मालकाचे चिरंजीव. पिंपात दारू कुठवर आहे ते ठोकून ओळखायची रीत त्यांना ठाऊक होती. तीच छातीला लावून त्यांनी १७६१ मध्ये पुस्तक लिहिलं. स्टेथोस्कोप त्यानंतर पंचावन्न वर्षांनी आला. पॅरिसमध्ये रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी करून एका तरुण स्त्रीच्या छातीला लावली, आणि ठोके नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आले.

पोट तपासताना मात्र हा क्रम मोडतो. पाहून झालं की आधी ऐकायचं, मग ठोकायचं, चाचपायचं सगळ्यात शेवटी; कारण हात लावला की आतड्यांची हालचाल बदलते, आणि मग ऐकू येतो तो आपल्या हाताने बदललेला आवाज.

[दृश्य: बीपीचा कफ. तबकडीवरचा काटा खाली येतोय.]

आधी पाच मिनिटं बसू द्यायचं. पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही, पाठीला आधार, दंड हृदयाच्या पातळीवर. कफ कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. दंडावर घट्ट बाही असेल तर कफ तिच्यावरून गुंडाळायचा नाही, बाही दाबून वर सरकवायचीही नाही. पडदा ओढून दंड मोकळा करून घ्यायचा. गर्दीच्या ओपीडीत पहिल्यांदा गळते ती हीच पायरी. मनगटाची नाडी हरवेपर्यंत हवा भरायची, त्याच्या वर आणखी तीस, मग सेकंदाला दोन-तीन अंकांनी काटा उतरू द्यायचा. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके नाहीसे होतात तो खालचा. रशियन सर्जन निकोलाय कोरोत्कोव यांनी १९०५ मध्ये हे आवाज नोंदवले, म्हणून ते कोरोत्कोव साउंड्स. पहिल्यांदा ते ऐकू आलेल्या मुलीचा चेहरा पाहा.

[दृश्य: कम्युनिटी पोस्टिंग. ओसरीवर आजी, समोर विद्यार्थिनी वही घेऊन.]

"आजी, काय होतंय?"

"अंगात कसर आहे बाई. आणि हितं कळ निघती, थांबती, परत निघती."

वहीत पहिल्यांदा आजींचे शब्द जातात, जसेच्या तसे. पेशंट सांगतो ते सब्जेक्टिव्ह. आपल्याला दिसतं, मोजता येतं ते ऑब्जेक्टिव्ह. कळ, ठणका, चमक, मुरडा, जळजळ, रग: दुखणं कसं आहे हे आजींनी आधीच नेमकं सांगितलेलं असतं. ते सोडून नुसतं "पेन" लिहिलं, तर मॅडम पान परत करतात. पुढे तपासायचं असतं ओरिएंटेशन, म्हणजे वेळेचं, जागेचं भान. आज तारीख काय, हे आजींना सांगता येत नाही. पण परवा एकादशी झाली आणि उद्या बाजार आहे, हे त्या बिनचूक सांगतात. विद्यार्थिनी मॅडमकडे बघते. मॅडम मान हलवतात: ओरिएंटेड.

पुढच्या घरी तान्हं बाळ आहे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त भरले तर ते जलद. दोन महिन्यांनंतर वर्षापर्यंत पन्नास, एक ते पाच वर्षांत चाळीस. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने फारसं मोजता न येणाऱ्या बायांसाठी एक साधन केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ, आणि दर दहा श्वासांना सरकवायचा एक मणी. तिथेच ३९ गावांमध्ये गावच्याच बायांनी घरी जाऊन नवजात बाळं तपासली, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. २०११ पासून आशाताई देशभर याच वाटेने घरोघरी जातात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी. मणी सरकवणाऱ्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांनी न्यूमोनिया ओळखला. नर्सची तपासणी म्हणजे डॉक्टर येईपर्यंतची तजवीज, असं समजणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास वाचावा.

सरकारी वॉर्डात एका सिस्टरकडे इतक्या खाटा असतात, की पूर्ण एक मिनिट काढणं कठीण होतं, आणि सुटलेली नोंद पेशंटला भोवते.

[दृश्य: सकाळ. मेडिकल वॉर्डचं नर्सिंग स्टेशन. रात्रीची ड्युटी सकाळच्या ड्युटीला ओव्हर देते आहे, म्हणजे पेशंट सोपवते आहे; विद्यार्थिनी शेजारी उभी.]

रजिस्टर उघडलं आहे. बेड नंबर सातचं ओव्हर देण्यासाठी सिस्टर विद्यार्थिनीला पुढे करतात.

"कॉन्शस, ओरिएंटेड. अफेब्राइल, ताप नाही. पल्स ९६, रेग्युलर. रेस्पिरेशन २६. दोन्ही पायांना पिटिंग इडिमा."

"कुठपर्यंत?"

"काल घोट्यापर्यंत होती. आज नडगीच्या मध्यापर्यंत. पाच सेकंद दाबून पाहिलं, खड्डा राहतो. वजन कालच्यापेक्षा दीड किलो जास्त. काका म्हणतात, रात्री आडवं झालं की दम कोंडतो, म्हणून बसून झोपले."

सिस्टर चार्टवर रेस्पिरेशनच्या आकड्याभोवती गोल करतात. "राउंडला डॉक्टर आले की हे तूच सांग," त्या म्हणतात. "नाही, राउंडची वाट नको. आत्ताच फोन लाव."