पहिली चारचाकी

शोरूममधील कोटेशनच्या कागदावर वरच्या ओळीत एक किंमत असते आणि तळाच्या ओळीत दुसरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा मारुती अल्टो के१० ची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत (वाहन कर, नोंदणी आणि विमा वगळून असलेली) ३ लाख ७० हजार रुपयांच्या आसपास उतरली. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर व्यक्तीच्या नावे ११ टक्के एकरकमी वाहन कर लागतो, म्हणजे सुमारे ४० हजार रुपये तिथेच वाढले. त्यापुढे नोंदणी शुल्क आणि विमा. २०१८ पासून नव्या गाडीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा, एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो. पगारावर घर चालवणाऱ्याने हिशेब मांडावा तो या तळाच्या ओळीवरून.

स्कूटरवरून चौघांचे कुटुंब पावसात जाताना पाहून रतन टाटांनी लाखाच्या गाडीचा ध्यास घेतला. २००९ मध्ये नॅनो बाजारात आली आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यानंतर एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि कमी धूर सोडणारे बीएस-६ इंजिन सक्तीचे झाले व सर्वांत स्वस्त गाडीही महागली. या वाढीबद्दल मात्र तक्रार करवत नाही, कारण स्कूटरवरच्या त्या कुटुंबाचा जीव वाचावा, हाच तर मूळ हेतू होता.

म्हणून असंख्य घरांची पहिली चारचाकी सेकंड हँड असते. एका कुटुंबाने दुसऱ्या कुटुंबाला गाडी विकली तर जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत डीलरला तो फक्त आपल्या नफ्यावर भरावा लागतो. खरी जोखीम कागदांत आणि किलोमीटरच्या काट्यात असते. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, आधीच्या कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बोजा काढण्याचा अर्ज) हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर दिसत असताना ब्रेकच्या पेडलचे रबर झिजलेले आणि स्टेअरिंग गुळगुळीत झालेले असेल, तर काटा मागे फिरवलेला असू शकतो. अशा वेळी सर्व्हिसच्या नोंदी मागाव्यात आणि आपल्या विश्वासातला मेकॅनिक सोबत न्यावा. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर वयाचे निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात मिळू लागल्या, पण परराज्यातील पासिंगच्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणावी लागते आणि इथला कर पुन्हा भरावा लागतो.

इतके करून गाडी ठरली, तरी पैशाचा प्रश्न उरतोच. नव्या गाडीसाठी ३ लाखांचे कर्ज ९ टक्के दराने ५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ६,२३० रुपये बसतो आणि एकूण व्याज साधारण ७४ हजार होते. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर सहसा अधिक असतो. तो १४ टक्के धरला, तर तेवढ्याच रकमेचा हप्ता ६,९८० च्या घरात जातो आणि व्याज १ लाख १९ हजारांच्या आसपास पोहोचते. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनीकडे वळलेल्या माणसाला त्याच ३ लाखांसाठी ४५ हजार रुपये अधिक मोजावे लागतात, आणि त्याच्या हातात येते ती कदाचित ८ वर्षे वापरलेली गाडी.